कासारे सरांचा हरलेला डाव

प्रल्हाद कासारे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, त्यांच्या एका विद्यार्थिनीची आई होते. मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सर दर रविवारी सकाळी बुद्धिबळाचा वर्ग घेत. माझी मुलगी ऋता तेव्हा दुसरीत होती. तिला वर्गात बसवायचे आणि आपण भिंतीजवळच्या लोखंडी खुर्चीवर पेपर उघडून बसायचे, असा माझा रविवार ठरलेला होता. वर्ग सुरू होऊन काही आठवडे झाले असतील. एके दिवशी सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"ताई, पेपर घरीही वाचता येतो. त्या मुलाला आज जोडीदार नाही. बसता का समोर?"

"मला काही येत नाही हो सर."

"त्यालाही येत नाही. जमेल तुमचं."

त्या मुलाने मला हां हां म्हणता हरवले. पुढच्या रविवारी मी पेपर घरीच ठेवून गेले. ऋताचे मन काही महिन्यांत पोहण्याकडे वळले आणि तिने वर्ग सोडला. मी मात्र सोडला नाही. तिशी उलटल्यावर, नोकरी आणि संसार सांभाळून मी हा खेळ शिकले, स्पर्धा खेळले, पुढे परीक्षा देऊन पंच झाले. आज उपनगरांतल्या स्पर्धांमध्ये पंचाचा कोट घालून मी टेबलांमधून फिरते, त्याचे मूळ सरांच्या त्या एका वाक्यात आहे. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात चार शब्द लिहायला मिळावेत, यापरता आनंद नाही.

सरांचे वडील नगर जिल्ह्यातून मुंबईत आले आणि मुलुंडच्या एका कारखान्यात लागले. सरांनी तांत्रिक शिक्षण घेतले आणि भांडुपच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून ते निवृत्त होईपर्यंत काम करत राहिले. यंत्रांच्या भागांची रेखाचित्रे काढणे हे त्यांचे काम. आयुष्यभर एकेक रेघ मोजून काढलेल्या या माणसाने शिकवतानाही कधी घाई केली नाही. मुलाने चूक केली की सर ओरडत नसत. "बरं, आता काळा काय करेल?" एवढेच विचारत आणि मूल स्वतःच पटाकडे पाहून डोक्याला हात लावे.

बुद्धिबळ त्यांना वडिलांनीच शिकवले, तेही गावाकडच्या पद्धतीने. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते. कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर खेळू लागल्यावर त्यांना कळले की बाहेरच्या जगात प्यादे पहिल्यांदा दोन घरे टाकता येते. "मला ते उगाच उड्या मारल्यासारखं वाटायचं," असे ते सांगत. मग कुणीतरी त्यांना कॅरो-कान नावाची सुरुवात दाखवली. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, की काळ्याने वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे एकच घर सरकवायचे आणि पुढच्या चालीला वजिरासमोरचे प्यादे दोन घरे टाकून मध्यावर हक्क सांगायचा. सरांना ती सुरुवात पाहताक्षणीच आवडली. काळ्या सोंगट्या घेऊन बसले की पुढे त्यांनी हीच सुरुवात खेळली.

"पहिली चाल गावाची, दुसरी मुंबईची," असे ते मुलांना सांगत.

आमच्या वर्गातल्या चलाख मुलांना ही सुरुवात फार संथ वाटे. त्यांना तिसऱ्या-चौथ्या चालीपासून हल्ला हवा असे. सर हसत. "हल्ला करायला कुणीही शिकतं रे. आधी आपलं घर नीट लावायचं. आणि दार लावून घेण्याआधी उंट अंगणात काढायचा, नाहीतर तो आतच अडकतो." कॅरो-कानचे सारे मर्म या एका वाक्यात आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

सरांच्या खेळाविषयीच्या निष्ठेची एक आठवण इथे नोंदवते. आमच्या वर्गातली सायली एका शालेय स्पर्धेत खेळत होती. डाव ऐन रंगात असताना समोरच्या मुलीच्या दप्तरातला फोन वाजला. नियम सरळ आहे : फोन वाजला की डाव गेला. सायलीला पूर्ण गुण मिळाला आणि ती उड्या मारत बाहेर आली. ती दुसरी मुलगी कोपऱ्यात रडत उभी होती. सरांनी सायलीला जवळ बोलावले.

"गुण तुझ्या नावावर लागला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. नियम म्हणजे नियम. पण डाव झाला का?"

"नाही सर."

"मग तिला बोलव. इथे बाकावर मांडा आणि पूर्ण करा."

दोघींनी आठवून आठवून पट लावला. तो डाव सायली हरली. जाताना मात्र दोघी एकाच पाकिटातल्या वेफर्स खात होत्या आणि कुठली चाल चुकली यावर भांडत होत्या. सायलीच्या आईला हे फारसे रुचले नव्हते. पण सायली आता इंजिनिअर झाली आहे आणि तो डाव अजूनही अभिमानाने सांगते.

त्यांच्या आपुलकीविषयी लिहायचे तर माझ्या घरातलेच सांगायला हवे. माझ्या यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात एकटीच बसून असे. सर आणि त्यांच्या पत्नी पुष्पाताई डबा घेऊन आले. पुष्पाताईंनी मला बळेच चार घास खायला लावले. मग सर म्हणाले, "परब बाई, घरी जा. आंघोळ करा, थोडं पडा. इथे मी बसतो. बसायची मला सवय आहे, माझे डाव काय लवकर संपतात का?" त्या आठवड्यात मला पहिल्यांदा हसू आले. यजमानांना घरी सोडेपर्यंत सर रोज दुपारी येऊन त्या बाकावर बसत. यजमानांना बुद्धिबळात काडीचाही रस नाही. सरांनी त्यांच्याशी सबंध आठवडा क्रिकेटच्या गप्पा मारल्या आणि तो खेळ त्यांना स्वतःला मुळीच आवडत नाही, हे मला पुष्पाताईंकडून नंतर कळले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. एका रविवारी मुलांचा डाव पाहता पाहता त्यांनी विचारले, "अरे, कोपऱ्यातला हत्ती कधी मेला?" हत्ती कोपऱ्यातच होता. मुलांना वाटले सर गंमत करताहेत. पण पुढच्या रविवारीही तसेच झाले. काचबिंदू होता, आणि तो लक्षात येईपर्यंत बराच पुढे गेला होता. हा आजार कडेची नजर आधी खातो. समोरचे दिसते, बाजूचे विझत जाते. उपचार झाले, पण गेलेली नजर परत येत नाही. दोन-तीन वर्षांत सरांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळू लागला.

त्यांनी वर्ग बंद केला. मुलांना एकेक पट भेट दिला आणि मला म्हणाले, "जे दिसत नाही ते मी कसं शिकवू?" मी घरी जात असे. सर खिडकीपाशी बसलेले असत, बोलणे मोजके. बुद्धिबळाचा विषय निघाला की ते चहाचा विषय काढत. तसे पाहणे फार जड जात असे.

यातून त्यांना बाहेर काढले ते पुष्पाताईंनी. अंध खेळाडूंसाठी एक खास पट असतो, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकले आणि तो मिळवला. त्याच्या प्रत्येक घराला मध्ये भोक असते, सोंगट्यांना खाली खुंटी असते; काळी घरे किंचित उंच, काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर खूण. खेळाडू बोटांनी पट वाचतो. सोंगटी भोकातून उपसली, की तिला हात लावला असे धरले जाते आणि मग तीच खेळावी लागते. दोन्ही खेळाडू आपापल्या पटावर खेळतात आणि चाल मोठ्याने सांगतात. ऐकण्यात गोंधळ होऊ नये म्हणून पटावरच्या आठ उभ्या ओळींना जगभर नावे ठरलेली आहेत : अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर.

पुष्पाताई लग्नाआधी बोरिवलीला राहत आणि होडीने खाडी ओलांडून गोराईच्या ख्रिस्ती वस्तीतल्या शाळेत शिकवायला जात. ही नावे ऐकून त्या म्हणाल्या, "अगं बाई, ही तर माझ्या वर्गाची हजेरी!"

सर किती तरी महिन्यांनी मोठ्याने हसले, असे त्यांनी मला सांगितले. मग रोज सकाळी स्वयंपाक आवरला की पुष्पाताई साधा पट घेऊन सरांसमोर बसत. तोवर त्यांना घोडा कसा चालतो हेही माहीत नव्हते. सरांनी त्यांना शिकवले, आणि शिकवता शिकवता त्यांची स्वतःची बोटे शिकली.

त्यानंतर एके दिवशी सरांचा मला फोन आला. घाटकोपरला एका शाळेच्या सभागृहात खुली स्पर्धा होती आणि मी तिथे पंच होते. "माझं नाव घालता येईल का हो? डोळस लोकांच्यात खेळायचं आहे."

"नक्की येईल सर. मदतनीस देऊ का? चाली सांगायला, घड्याळ बघायला?"

"नको. समोरचा सांगेल ना. तोंड आहे त्याला."

सरांची पहिलीच फेरी मितेश नावाच्या तरुणाशी पडली. मितेश घाटकोपरचाच, कॉलेजात शिकणारा, स्पर्धेतल्या बलवान खेळाडूंपैकी एक. सर काळ्या सोंगट्यांनी खेळणार होते. सरांचा खुंट्यांचा पट पाहून मितेश गोंधळला. मी त्याला नियम समजावले. त्याने मान डोलावली, पण त्याच्या चेहऱ्यावर मला दिसली ती कीव. पुष्पाताई मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनाही ती दिसली असावी.

"एव्हा चार," मितेश हळूच म्हणाला.

"एव्हा चार," सरांनी चाल पुन्हा उच्चारली, पांढरे प्यादे आपल्या पटावर बसवले, आणि क्षणही न दवडता म्हणाले, "सीझर सहा."

तीच सुरुवात. मग डेव्हिड चार, डेव्हिड पाच. मितेशने राजाचे प्यादे आणखी पुढे रेटले. सरांनी उंट बाहेर काढला आणि मगच राजासमोरचे प्यादे एक घर सरकवून दार लावून घेतले. त्यांच्या बोटांना आता संकोच नव्हता. पटावरून ती अशी फिरत होती, जशी ओळखीच्या घरात माणसे अंधारातही फिरतात. मी दुसऱ्या टेबलांवर लक्ष ठेवत होते, पण कान इथे होते.

सुरुवातीच्या चाली संपत आल्या आणि मितेशने विचारले, "सर, बरोबरी करू या?"

पटावर तसे काहीच घडले नव्हते. सरांनी मान वर केली.

"का? पोटात दुखतंय तुझ्या?"

"नाही सर. तुमची तब्येत... उगाच त्रास कशाला ना."

"माझी तब्येत उत्तम आहे. तू तुझ्या राजाची बघ."

सरांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मितेशचा चेहरा लाल झाला. त्याने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपरे टेबलावर टेकवली आणि तो खेळू लागला. त्याने राजाच्या बाजूने हल्ला चढवला. सरांनी तो अडवता अडवता त्याच्या मध्यातल्या प्याद्यांखालची जमीन पोखरली. तासाभराने पाहिले तर सरांचे एक प्यादे जास्त होते, घोडा पटाच्या मध्यावर ठाण मांडून बसला होता आणि मितेश कपाळ चोळत होता. पंचाने कुणाची बाजू घ्यायची नसते. मी घेतली नाही; पण मनात काय चालले होते ते लिहायला आता हरकत नसावी.

थोड्या वेळाने मितेशने हात वर करून मला बोलावले.

"मॅडम, सरांना जरा सांगा ना. त्यांना राजा सरकवायचा होता, चुकून बाजूचा हत्ती उपसला. आता म्हणतात हत्तीच खेळणार. मी तर बघितलंच नव्हतं, मी माझ्या पटाकडे बघत होतो."

हत्ती सरांच्या मुठीत होता. तो हलला की त्याने राखलेले राजाशेजारचे प्यादे उघडे पडत होते. इतक्या वेळच्या मेहनतीने कमावलेला डाव त्या एका चालीने जाणार होता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते आणि सरांना तर आधीच कळले होते.

मितेश कळवळून म्हणाला, "सर, ठेवा ना परत. खरंच, कुणीच बघितलं नाही."

"बघितलं तर मीपण नाही बेटा," सर शांतपणे म्हणाले. "पण उपसला मीच ना?"

मग त्यांनी आवाजाच्या दिशेने माझ्याकडे तोंड वळवले. "पंच काय म्हणतात?"

मी सांगितले, "हत्ती खेळावा लागेल सर."

"बरोबर. हत्ती एव्हा आठ."

त्यानंतर सरांनी पुष्कळ झुंज दिली. मितेशनेही हात आखडला नाही, आणि तेच योग्य होते. शेवटी सरांनी घड्याळ थांबवले आणि अभिनंदनासाठी हात पुढे केला. तो जरा भलत्याच दिशेला गेला. मितेश उठला, टेबलाला वळसा घालून सरांच्या बाजूला आला आणि त्याने तो हात दोन्ही हातांत घेतला.

मला वाटले होते, सर आता थेट घरी जातील आणि पुन्हा खिडकीपाशी बसतील. तसे झाले नाही. पुढची फेरी सुरू व्हायला वेळ होता. बाहेरच्या व्हरांड्यात दोघे बसले आणि सरांनी सबंध डाव पहिल्या चालीपासून पटाशिवाय सांगायला सुरुवात केली. "इथे तू घोडा लवकर आणलास. उंट आणला असतास तर मला जड गेलं असतं." मितेश चाली टिपलेल्या आपल्या कागदाशी ताडून पाहत होता आणि एकही चाल चुकत नव्हती. हळूहळू आणखी खेळाडू जमले. वडापाव हातात धरून उभी असलेली ती पोरे खायचे विसरून ऐकत होती. सरांचा चेहरा मला कित्येक महिन्यांनी ओळखीचा वाटला. हरलेल्या माणसाचा तो नव्हता. वर्गातल्या सरांचा होता.

सर थांबल्यावर मितेश म्हणाला, "सर, ही कॅरो-कान मला शिकवाल? मला वाटायचं बोअर आहे. तुम्ही तर वाट लावली माझी."

सर म्हणाले, "वर्ग बंद केला रे मी."

"कुणी सांगितलं बंद आहे?" मागून पुष्पाताईंचा आवाज आला. त्यांनी पिशवीत हात घालून चाव्यांचा जुडगा काढला आणि तो सरांच्या कानाजवळ खुळखुळवला. "हॉलची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. सोसायटीने मागितली नाही, आणि मी दिली नाही."

सरांनी चाचपून पुष्पाताईंच्या हातावर हात ठेवला. मग त्यांनी मितेशला विचारले, "घाटकोपरहून रविवारी सकाळी येशील? उशीर केलेला मला चालत नाही."

"येईन ना सर."

तो आला. अजूनही येतो, आणि आता लहान मुलांना तोच शिकवतो. सरांच्या वर्गात आज प्रत्येक मुलाला आपली चाल मोठ्याने सांगावी लागते, आणि ती का केली हेही. सर डोळे मिटून खुर्चीत बसलेले असतात आणि चार पटांवरचे चार डाव एकाच वेळी ऐकतात. मुले पूर्वीपेक्षा जपून खेळतात, कारण चाल बोलून दाखवायची म्हटले की तिच्यातले खोटे आपले आपल्यालाच ऐकू येते. पुष्पाताई आता आमच्या वर्गातल्या सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थिनी आहेत आणि मी त्यांच्याशी खेळायचे शक्यतो टाळते.

त्या घाटकोपरच्या डावानंतर सर पुष्कळ डाव जिंकले. या ग्रंथात त्यांचे इतर विद्यार्थी त्याविषयी लिहितीलच. मला मात्र तो हरलेलाच डाव लिहावासा वाटला. गेलेले आपल्या हातून गेले, हे एवढ्या सरळपणे म्हणणारा आणि तरीही पुढची चाल तितक्याच मन लावून शोधणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सरांच्या अमृतमहोत्सवी वर्षात, त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने माझे हे मागणे : त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, स्मरण असेच लखलखीत राहो, पुष्पाताईंची साथ त्यांना आणि त्यांची पुष्पाताईंना उदंड लाभो. आयुष्य त्यांना भरपूर मिळायलाच हवे, आणि यात आमचाही स्वार्थ आहे. आम्हाला अजून त्यांच्याकडून पुष्कळ हरायचे आहे.